शिंदीचा बर्फ

मला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही बर्फावर घसरायला कुठं शिकलात, तर मी केनवड असं उत्तर देते. विचारणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. हसू द्यावं. रिसोड तालुक्यातल्या ज्या गावात गारांखेरीज आभाळातून पांढरं काही पडत नाही आणि बर्फ म्हटला की लोकांना गोळ्यावाल्याची गाडी आठवते, त्या गावात एका हिवाळ्यात आम्ही बर्फाचा डोंगर केला होता. तो पांढरा नव्हता, गारही नव्हता. दुपारी त्यावर अनवाणी उभं राहिलं तर तळवे भाजायचे. पण त्यावरून घसरता यायचं, आणि आमच्या गावंडे सरांच्या मते बर्फाचं मुख्य काम तेवढंच.

तेव्हा वाशीम हा जिल्हा झालेला नव्हता, सगळी सरकारी कामं अकोल्याला. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धांच्या वस्तीत, विहाराला लागून. दोन खोल्या, वर टिन, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. घरात आम्ही चौघं. आजा, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, पहाटे उठून खणखणीत आवाजात वंदना म्हणायचे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हापासून त्यांचा हा नेम एक दिवस चुकला नव्हता, आणि त्यामुळे वस्तीत कुणाला घड्याळाची गरज पडत नव्हती. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांची ड्युटी कधी सकाळची, कधी मुक्कामाची, पण गाडी केनवडवरून जाणार असेल तर ड्रायव्हरकाका फाट्यावर दोनदा हॉर्न द्यायचे आणि माय चुलीवरून मान वर न करता म्हणायची, "आले तुहे बाबा, चालले तुहे बाबा." माय रुखमाबाईंच्या शेतात मजुरीला जायची. निंदण, वेचणी, सोंगणी, जे असेल ते. तिला बोलायचं फारसं वेड नव्हतं. तिचं बोलणं सगळं स्वयंपाकात उतरायचं असं मला आता वाटतं. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की ती त्यांचे सोले काढून लसूण-मिरचीची अशी भाजी करायची की भाकर मोडायच्या आधी आम्ही नुसता रस्साच पिऊन टाकायचो. उरलेल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि चुलीपुढं बसून सोलत सोलत खायच्या. त्या शेंगांच्या वाफेचा वास मला आजही कुठं आला की मी पंचेचाळीस-पन्नास वर्षं मागं जाते आणि तिथून लवकर परतत नाही.

गावंडे सर हायस्कुलात पीटी शिकवायचे आणि एनसीसीही तेच बघायचे. उंच, काटकुळे, घशात शिट्टी घेऊनच जन्माला आलेले. त्यांना कुठल्याशा सरकारी योजनेतून काश्मीरला बर्फावरच्या शिबिराला जायला मिळालं. गेले तेव्हा गावानं शाल-नारळ दिला. शिमग्याच्या आगेमागे परत आले, तेव्हा त्यांच्या नाकाची साल निघालेली होती आणि चेहरा तव्यासारखा झालेला होता. आज्यानं त्यांना भर रस्त्यात अडवून विचारलं, "सर, बर्फात जाऊन मानूस काया कसा होते? आमी त उन्हात होतो." सरांनी सूर्य बर्फावर पडून परत तोंडावर येतो वगैरे समजावलं. आज्यानं मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

सर एकटे आले नव्हते. त्यांनी शिबिरातून बाद झालेली, पुढून वाकलेली दोन लांब फळकुटं आणली होती. योगायोगानं त्या गाडीवर बाबाच कंडक्टर होते. वाशीमच्या स्टॅंडवर सर ती फळकुटं घेऊन गाडीत चढायला लागले तेव्हा बाबांनी हात आडवा घातला.

"सर, हे काय होय?"

"स्की होय."

"कायची?"

"बर्फावर घसराची पट्टी. पायात बांधाची."

"मंग इकडं कायले आनली?"

मागच्या सीटवरचा एक म्हातारा बाबांच्या मदतीला आला. "वखराच्या दांड्या होत त्या. पन वाकल्या. मास्तरले फसवलं कोनंतरी." महामंडळाच्या नियमात स्की नावाचं लगेज नव्हतं, म्हणून बाबांनी ती शेतीची अवजारं समजून टपावर टाकली. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की पुढं पुढं म्हातारा काय बोलणार ते आम्हीच आधी म्हणायचो.

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की पीटीचा तास वर्गात व्हायचा, आणि सर आम्हाला बर्फाच्या गोष्टी सांगायचे. खऱ्या बर्फाच्या थोड्या, खोट्या बर्फाच्या जास्त. जगात आपल्यासारखी गावं पुष्कळ आहेत, जिथं हौस आहे पण बर्फ नाही, आणि त्या लोकांनी काय काय उद्योग केले ते ऐकताना वर्ग गार पडायचा. पूर्वी, बर्फ करायची यंत्रं धड चालत नव्हती तेव्हा, लंडनमध्ये एका बंद दालनात डुकराची चरबी आणि कसलेसे क्षार घोटून गुळगुळीत लादी केली आणि त्यावर लोकांना घसरायला लावलं. दिसायला तो बर्फ, पण वास असा, की साहेब मडमा नाकाला रुमाल लावून दोन फेऱ्या मारायचे आणि पुन्हा तिकडं फिरकायचे नाहीत. मग यंत्रं आली. जमिनीत नळ्यांचं जाळं घालून त्यातून अतिगार द्रव फिरवला, वर पाणी सोडलं, आणि भर उन्हाळ्यात घरात तळं गोठलं. सर म्हणायचे, अकोल्याच्या बर्फाच्या कारखान्यात लादी होते तीच युक्ती, फक्त लादी खोलीएवढी. युरोपातल्या आणखी एका शहरात आगगाड्या बंद झालेल्या स्टेशनात लाकडी उतार उभारला, त्यावर काथ्याच्या चटया अंथरल्या आणि वर सोड्याची भुकटी पसरून डोंगर केला. आणि अलीकडं इंग्लंडात तर भुकटीही नाही, नुसत्या ब्रशच्या चटया अंथरतात टेकडीवर, पाणी मारतात आणि बर्फावर जायच्या आधी पोरं त्यावर शिकतात. पुढं मी यातलं बरंच पडताळून पाहिलं. सरांनी तिखटमीठ लावलं होतं, पण चरबीची गोष्टसुद्धा मुळात खरी निघाली.

वर्गात माझ्या शेजारी रुखमाबाईंची मंदा बसायची. तिनं हात वर करून विचारलं, "सर, ब्रशची चटई म्हनजे कशी?" सर समजावायला लागले, की ताठ काड्या असतात, एकमेकीला चिकटून, झाडायच्या वस्तूला असतात तशा, आणि बोलता बोलता थांबले. खिडकीबाहेर शाळेचा शिपाई व्हरांडा झाडत होता. सर त्याच्या हातातल्या फड्याकडे, म्हणजे केरसुणीकडे, असे बघत राहिले, की तो बिचारा घाबरून जास्त जोरात झाडायला लागला.

तरी लगेच फड्यापर्यंत गाडी आली नाही. सरांना आधी फुकटात होईल ते करून बघायचं होतं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याच्या बांधाची बाहेरची उतरण चांगली उंच आणि सरळ. दसऱ्याच्या सुटीत त्यावर आम्ही कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलं. सर स्की बांधून वरून निघाले आणि तिसऱ्या हातावर गुडघ्यापर्यंत रुतले. अंगाला खाज सुटली ती आठवडाभर. मग सरकी आणली. सरकीवर पाय असा काही पळतो, की सरांच्या आधी त्यांची टोपी खाली पोचली. सर त्याच दिवशी पुढची सुधारणा ठरवत घरी गेले, आणि सकाळी येऊन बघतात तर गावातल्या बकऱ्यांनी अर्धा डोंगर खाल्लेला. त्यानंतर सरांनी फड्याचं नाव काढलं.

दिवाळी नुकतीच झालेली. सरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सांगितलं, की घरोघरी नवा फडा आलेला आहे, तर जुना शाळेत आणून द्या. शिंदीच्या पानांचे ते फडे आमच्याकडे घरात-अंगणात सगळीकडे चालतात आणि वर्षभरात झिजून बोटाएवढे होतात. मागणी साधी होती. पण सर स्वतः कुणब्याच्या घरातले असून ऐन वेळी विसरले, की फडा ही लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला नव्या फड्याला हळदकुंकू लागतं, आणि जुना कुणी असातसा कुणाच्या हातात देत नाही, कारण त्याच्याबरोबर घरातली लक्ष्मी दाराबाहेर जाईल. त्याला चुकून पाय लागला तरी माणूस वाकून नमस्कार करतो. आणि इथं तर मास्तर त्याच्यावर बूट घालून चढणार होते. दुसऱ्या दिवशी शाळेत फडे आले ते फक्त आमच्या वस्तीतले. आमच्यात देव्हारेच गेले होते, तर फड्यातली लक्ष्मी कुठून राहणार? वस्तीनं घरटी एकेक दिला, कुणी शेलूबाजारच्या सोयऱ्यांकडूनही मागवले. आज्यानं ते सगळे विहारापुढं रचले आणि ढिगावर एक पाय ठेवून, कंबरेवर हात घेऊन उभे राहिले.

फक्त एका घरानं फडा दिला नाही. ते घर आमचं. माय म्हणाली, "माहा फडा अजून झाडते. कायले देऊ?" तिच्या हातातला फडा झिजून मुठीएवढा झाला होता, त्यानं झाडायचं म्हणजे जमिनीला नाक लावावं लागे. आज्यानं टोमणा मारला, "देव गेले सारे, पन सूनबाईच्या फड्यात लक्ष्मी बसूनच राह्यली." मायनं त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि फडा उचलून दारामागं नेऊन ठेवला.

बर्फ अंथरायचं काम आज्याकडे आलं. तरुणपणी त्यांनी गावातली निम्मी छपरं शाकारली होती. फड्यांचे बंध तोडून पानं तलावात भिजवायची, दगडानं ठेचून चपटी करायची, बांबूच्या चिरलेल्या खपच्यांत आवळायची, आणि छपरासारखी खालून वर एकावर एक रचत न्यायची, टोकं उतरणीकडे. कामाला वस्तीतली पोरं होती, मी होते, आणि मंदा होती. मंदाला आईची सक्त ताकीद होती, की फड्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून ती डोंगराच्या कडेनं पाण्याच्या बादल्या वाहायची. पाणी मारलं की शिंदीचं पान काय गुळगुळीत होतं ते सांगून कळायचं नाही. काम पुरं झालं तेव्हा पहिला मान सरांचा. सरांनी स्की बांधल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि पटकन वाकून फड्याला हात लावून कपाळाला लावला.

आजा तेवढ्यासाठीच टपलेले. "सर, पाया बी पडता अन् वर पाय बी देता?"

"आजा, लेकरू मायच्या अंगावर चढतेच ना?" सर म्हणाले आणि निघाले. ते थेट खालपर्यंत उभे पोचले. मग त्यांनी शिट्टी वाजवली, एकटेच, बराच वेळ.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं मी लग्न, लेकरं, नोकरी सगळं धरून म्हणते. शाळा सुटली की बांध. स्कीची जोडी एकच, त्यामुळे पाळीपाळीनं. एनसीसीचे बूट मला मोठे व्हायचे, त्यात कापूस कोंबायचा. वऱ्हाडात कापसाची काय कमी! हातातल्या काठ्या वेळूच्या, त्यांना खाली तुपाच्या डब्यांची झाकणं ठोकलेली. स्कीला खालून मेण लावावं लागतं असं सर म्हणाले, तेव्हा आज्यानं विहारात जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे जमवायला सुरुवात केली. पौर्णिमा झाली की आमच्या स्की वेगात धावायच्या. पडायची तर मी इतकी, की माझ्या कोपरांना शिंदीची घडी उमटलेली असायची, आणि माय रात्री हळद-तेल लावताना ती नक्षी बोटानं चाचपून बघायची, पण कुठून आली ते विचारायची नाही. परवा लेकीनं मला मोठ्या शहरातल्या एका मॉलात नेलं. तिथं आत बर्फाची खोली आहे. बाहेर पंखे गरम हवा फेकताहेत आणि आत लोक भाड्यानं घेतलेले जाड कोट घालून खऱ्या बर्फात घसरताहेत. मीही घसरले. छान होतं, खोटं कशाला बोला. दात वाजले, नातवानं फोटो काढले. पण तिथला बर्फ कुणी केला, कुणाच्या घरून आला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या डोंगरावर मी कुठं पडले ते मला घर सांगून दाखवता यायचं. वरच्या ओळीत पडले तर कांबळ्यांच्या, मधल्या टप्प्यावर पडले तर इंगळ्यांच्या.

मग सरांनी खरी गोष्ट सांगितली. माघात काश्मीरला शिबिर होतं आणि आमच्या भागातून एका मुलीची आणि एका मुलाची जागा होती. अकोल्याहून एक अधिकारी येऊन बघणार होते. मुलींत धड उभं राहणारी मीच. सर म्हणाले, "सुजाता, त्या साहेबासमोर एकदा उभ्यानं खाली उतरली पायजे. पडली तं नाव गेलं, मले बी काही करता येनार नाही." मी तोवर वाशीमच्या पलीकडं काही बघितलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून मला स्वप्नात नुसतं पांढरं दिसायला लागलं. मला तिथं जायचं होतं.

साहेब येणार ही बातमी गावभर झाली. जे लोक दोन महिने बांधाकडे पाठ करून जात होते, तेही म्हणायला लागले की बघू तरी. ते ऐकलं आणि माय म्हणाली, "तू नाही जायाचं."

मला वाटलं काश्मीरबद्दल म्हणते. ती म्हणाली, "बांधावर बी नाही. साऱ्या गावासमोर नाही."

बाबा ड्युटीवर. आजा उखडले, मी रडले, जेवणार नाही म्हणाले. माय चुलीपुढं तुरीच्या शेंगा उकडत होती. तिनं पातेलं उतरवलं, त्यातलं पाणी निथळलं आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मी तुह्याहून लहान होती. माही माय माह्या माहेरच्या गावातलं बाजाराचं मैदान झाडे. आमच्या घराकडं होतं थे काम. झाडत झाडत मांगं मांगं सराचं, म्हनजे आपलं पाऊल आपल्याच फड्यानं पुसल्या जाते. झाडून झालं का मैदानात पाऊल दिसू द्याचं नाही. आमचं त नाहीच नाही. एक दिवस मी मधून पळत गेली. लेकरू होती, मले थे साफ मैदान पाहून पळावंच वाटलं. गावातल्या मोठ्या लोकाईनं पाह्यलं. माह्या मायले घरून बोलावलं अन् भर उन्हात सारं मैदान पुन्हा झाडाले लावलं. माह्या चार पावलांसाठी. माय मले काहीच बोलली नाही व सुजे. एक शबुद नाही." तिनं शेंगा ताटात ओतल्या. "आता तू तशाच लोकाईची लक्ष्मी पायाखाली घेऊन साऱ्या गावासमोर उभी राहाशीन. तुले कोनी काही म्हननार नाही, तू शाळेतली पोट्टी. मले बोलावतीन."

आजा शेंग हातात धरून बसून राहिले. मला भयंकर राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मायवर काढता येईना, आणि तिच्या मायला मैदान झाडायला लावणारे लोक मी कधी बघितलेले नव्हते. मी उगीच शेंगा सोलत राहिले. शेवटी इतके दाणे जमले की मायनं ते उचलून माझ्याच पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "खाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रुखमाबाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मागं मंदा, मान खाली घातलेली, म्हणजे हिनंच घरी जाऊन सगळं ओकलेलं होतं. मी काश्मीरला जाणार नाही एवढं शाळेत तिला सांगितलं होतं, आणि का तेही. रुखमाबाई हे प्रकरण मोठं फटकळ. शेतात त्यांचा आवाज चार शेतांच्या धुऱ्यांपलीकडे ऐकू यायचा. मायनं घाईनं चवाळं अंथरलं. त्या बसल्या, आणि पदराखालून त्यांनी एक झिजलेला फडा काढला. त्याच्या मुठीला ताजं हळदकुंकू होतं.

"शांते, हा घे. डोंगराले लाव."

माय हात मागं घेऊन उभी. "बाई, लक्ष्मी होय थे तुमच्या घरची."

"होय नाही, व्हती. दिवाळीलेच आनलेला नवा आज काढला. दोघाईले आमोरासमोर ठेवलं, पूजा केली, अन् लक्ष्मीले म्हटलं, माय, याच्यातून उठ अन् त्याच्यात बस. ते बसली. आता हा रिकामा हाय, नुसतं शिंदीचं पान."

आज्यानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मायच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ती म्हणाली, "बाई, गाव काय म्हनन?"

"गाव?" रुखमाबाई म्हणाल्या. "गाव उद्या पाहाले येऊन राह्यलं, का पोट्टी पडते का नाही. पडली त हासन. तेवढंच काम हाय गावाले. अन् कोनी तुले काही बोललं, त मले आवाज दे. मी काही मुकी नाही."

मुक्या त्या नव्हत्याच. मायनं विचारलं, "चहा घेता?" आणि रुखमाबाई म्हणाल्या, "ठेव की, इचारून काय राह्यली." त्या आमच्याकडचा चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायल्या. त्या गेल्यावर माय दारामागं गेली आणि आपला तो मुठीएवढा फडा घेऊन आली. दोन्ही फडे तिनं एकावर एक आज्याच्या पुढ्यात ठेवले. "सकाळी लावा," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

साहेब आले तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं होतं. बांधाच्या खाली सगळं गाव. पोरं बाभळीवर चढलेली, गोळ्यावालासुद्धा गाडी घेऊन आलेला. बाबांनी ड्युटी बदलून घेतली होती आणि ते खाकीतच उभे होते, तिकिटांची पेटी गळ्यात. आज्यानं पहाटेच झिजलेली पानं काढून तिथं ते दोन्ही फडे लावले होते. मंदानं बादल्या ओतून ओतून डोंगर चकचकीत केला होता. मायला मी शोधत होते. ती बायकांत नव्हती. उतरण संपते तिथं कडेला एकटी उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून, जणू कुणी हाक मारली तर लगेच जाता यावं.

मी वर गेले. बुटांत कापूस, स्कीला मेण. सरांनी शिट्टी वाजवली आणि मी निघाले. पहिल्या उतरणीला सगळं नीट होतं. मधल्या टप्प्यावर पानं उन्हानं सुकली होती, तिथं डावी स्की अडखळली आणि मी एका पायावर आले. खालून "गेली, गेली" असा एकच आवाज झाला. पण मला तिथं इतक्यांदा पडायची सवय होती की कुठल्या बाजूला झुकायचं ते शरीरालाच ठाऊक होतं. काठी टेकली, सावरले, आणि गुडघे वाकवून सरळ खाली आले. मुरमावर जाऊन थांबले, आणि थांबल्यावर मग धपकन बसले. साहेबांनी ते पडणं धरलं नाही. बाबांनी गळ्यातल्या पेटीवर पंच आपटून टकटक टकटक असा ताल धरला, त्यांचं टाळ्या वाजवणं तसंच असायचं. साहेबांनी माझं नाव विचारून लिहून घेतलं. माघात मी काश्मीरला गेले, खरा बर्फ बघितला, माझ्याही नाकाची साल निघाली, आणि आज्यानं मलाही सरांना विचारला तोच प्रश्न विचारला. ते सगळं फार आनंदाचं होतं. पण मला इथं सांगायचं आहे ते मी उतरल्यानंतरचं.

माझ्या मागं डोंगरावर, वरपासून खालपर्यंत, ओल्या पानांत स्कीच्या दोन रेघा दाबल्या गेल्या होत्या, डावी मधे जराशी तुटलेली. सकाळच्या सगळ्या सरावात कुणाच्या एवढ्या ठळक उमटल्या नव्हत्या. आता मुलांची पाळी होती. प्रत्येकाला सपाट डोंगर मिळावा म्हणून सर मधूनमधून पानं झाडून सारखी करवून घ्यायचे. त्यांनी दोन पोरांना हाक मारली, "चला रे, वरून खाली झाडत या, ह्या रेघा मिटवा." पोरं फडे घेऊन पुढं झाली. तेवढ्यात माय कडेची जागा सोडून मधे आली. साऱ्या गावासमोर, साहेबांसमोर. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही. एक हात पुढं करून ती डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "राहू द्या. पुसू नका."

सरांना काही कळलं नसावं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते मायकडे बघत राहिले, मग तिच्या मागच्या त्या दोन रेघांकडे. कुणीही तिला काही म्हटलं नाही. सरांनी फडे घेतलेल्या पोरांना हातानंच मागं व्हायला सांगितलं, आणि वर उभ्या असलेल्या मुलाला ओरडून म्हणाले, "तू तिकडल्या बाजूनं उतर रे."